दोनशे तेरा ठोसे

चित्राची उंची पाच फूट नऊ इंच होती, कारण ज्याचं ते चित्र होतं त्याची उंची तेवढीच होती. रुंदी सहा फूट, कारण हात पसरले की तो तेवढी जागा व्यापायचा. बाकी तो चित्रात कुठंच नव्हता. नाक नाही, डोळे नाहीत, ओळखायला एखादा तीळसुद्धा नाही. होते ते ठोसे. आठ रंगांचे, एकावर एक पडलेले, काही ठिकाणी इतके दाट की कॅनव्हासला टेंगूळ आल्यासारखं वाटावं. मोजले तर दोनशे तेरा भरत. मोजायची गरज नव्हती, चित्राचं नावच 'दोनशे तेरा' होतं.

ज्याला ते बसले त्याला बॉक्सिंगवाले 'भिंत' म्हणत. मार खाऊनही न पडणं हा त्याचा मुख्य गुण, समोरच्याला मारणं हा जोडधंदा. घरी त्याला धाकटा म्हणत. चित्रकार त्याला काय म्हणायचा हे त्या दोघांनाच ठाऊक होतं, आता एकालाच आहे. नऊ वर्षं ते एका खोलीत राहिले. खोलीत पलंग एक होता. धाकट्याची आई वर्षातून दोनदा यायची, पलंग बघायची, चादर ओढून सारखी करायची आणि दुसरा पलंग कुठे आहे असं कधी विचारायची नाही. काही घरं विटांवर उभी असतात, काही न विचारलेल्या प्रश्नांवर. घरात चित्रकाराचा उल्लेख 'खोलीवाला' असा व्हायचा. खोलीवाला बरा आहे ना, खोलीवाल्यालाही दे थोडं, इतपत माया होती.

शेवटची लढत आठ राउंडची होती. आठव्या राउंडची शेवटची घंटा व्हायला चाळीस सेकंद असताना भिंत पडली. तीन दिवस ती हॉस्पिटलात होती, चौथ्या दिवशी नव्हती. ते तीन दिवस चित्रकार कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बसून होता. नर्सनं विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण. त्याच्या आधी थोरल्या भावानंच उत्तर दिलं, मित्र आहे. आत जायची परवानगी नातेवाइकांना होती, मित्रांसाठी बाकडं होतं. अंत्यविधीच्या वेळी तो मागच्या रांगेत उभा राहिला. पुढे जिममधली मंडळी होती, एकेकाची मान अशी की दोन्ही हातांच्या कवेत मावू नये. अखेरचा निरोप त्यानं त्या मानांनाच दिला.

थोरल्याचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा. सुट्टीच्या दिवशी तो धाकट्याच्या कोपऱ्यात उभा राहायचा. बॉक्सिंगमध्ये कोपऱ्यातल्या माणसाचं काम तसं घरगुती असतं. राउंड संपला की स्टूल द्यायचं, पाणी पाजायचं, फुटलेल्या भुवईला मलम चोपडायचं. आणि त्याच्या खांद्यावर एक पांढरा टॉवेल असतो. आपला माणूस हकनाक मार खातोय असं वाटलं की तो टॉवेल रिंगमध्ये फेकायचा. लढत तिथंच थांबते. माणूस हरतो, पण घरी येतो. थोरल्यानं तो टॉवेल फेकला नाही.

आईला त्यानं सांगितलं की एकच ठोसा लागला. कानशिलावर, अवघड जागी. धाकट्याला काही कळलंसुद्धा नाही, दिवा मालवावा तसं झालं. मग तोंड एवढं का सुजलंय, असं आईनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ऑपरेशनची सूज आहे. आई उभ्या जन्मात धाकट्याची एकही लढत बघायला गेली नव्हती. तिनं विश्वास ठेवला. वर्षभर शेजारीपाजारी कुणी आलं की ती स्वतःहून सांगायची, एकच लागला हो, त्याला काही कळलं नाही. त्या एका वाक्यावर तिची झोप चालली होती.

चित्रकार मात्र लढतीच्या दिवशी तिसऱ्या रांगेत होता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. धाकटा त्याला येऊ द्यायचा नाही, तू आलास की माझं लक्ष उडेल म्हणायचा. त्या दिवशी मात्र स्वतःच तिकीट हातात ठेवून गेला.

नंतर चित्रकारानं लढतीचं रेकॉर्डिंग मिळवलं. फ्रेम पुढे सरकवायची, थांबवायची, ठोसा कुठे बसला ते बघायचं, कॅनव्हासवर त्याच जागी खडूनं फुली मारायची. मग धाकट्याचे जुने ग्लोव्ह्ज चढवायचे, रंगाच्या परातीत बुडवायचे आणि फुलीवर मारायचं. हलकं मारलं तर ते खोटं होईल म्हणून अंगातलं सगळं बळ लावून. कॅनव्हास फाटू नये म्हणून मागे जाड प्लायवूड ठोकलेलं, त्यामुळे फाटलं ते दुसरंच. दुसऱ्या राउंडात त्याचं मनगट गेलं. चौथ्या राउंडला उजव्या हाताची दोन हाडं मोडली, तेव्हा दीड महिना खंड पडला. सहाव्यात बरगडीखाली, यकृताच्या जागी, लागोपाठ सात होते. ते सात मारून झाल्यावर तो कोपऱ्यातल्या मोरीत जाऊन ओकला आणि चूळ भरून पुढच्या ठोशासाठी परत आला.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा वर आले. रोज संध्याकाळी धपाधप आवाज येतो, बायकोला मारता का, असं त्यांनी भीड मोडून विचारलं. चित्रकार म्हणाला, मला बायको नाही. "मग ठीक आहे," म्हणाले आणि समाधानानं जिना उतरले.

सगळे ठोसे मारून झाल्यावर त्यानं कॅनव्हासच्या खालच्या कडेला तो टॉवेल चिकटवला. जिमनं धाकट्याची बॅग खोलीवर पाठवली होती, तीत तो सापडला. इस्त्रीची घडी जशीच्या तशी. एक सुरकुती नाही.

गॅलरीवाल्या बाईंनी चित्र बघितलं आणि छातीवर हात ठेवला. त्या रोज कुणाकुणाच्या चित्रापुढे छातीवर हात ठेवत, तो त्यांच्या कामाचाच भाग होता, पण या वेळी हात काढायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. एका समीक्षकांनी कॅटलॉगसाठी चार पानं लिहिली. खालचा पांढरा आयत म्हणजे भाषेनं घेतलेली माघार, असं त्यांचं मत पडलं. तो टॉवेल आहे हे चित्रकारानं सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि 'टॉवेलसदृश माघार' अशी दुरुस्ती केली.

निमंत्रणं बाईंनीच पाठवली. एक धाकट्याच्या घरी गेलं. आईनं ते दोनदा वाचलं आणि जायचं ठरवलं. आपल्या धाकट्याचं चित्र काढलंय खोलीवाल्यानं. मोठं आहे म्हणे, भिंतभर.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी थोरला गॅलरीत आला. अंगावर कामाचे कपडे, बोटांना वंगण. चित्र टांगून झालं होतं, टांगणारी माणसं जेवायला गेली होती, बाई आतल्या खोलीत फोनवर होत्या, चित्रापाशी चित्रकार एकटाच होता. चित्राकडे त्यानं ओझरतं पाहिलं आणि पाठ केली. मग चित्राशेजारचं नावाचं कार्ड वाचलं.

त्यानं आधी विनंती केली. आई उद्या येणार आहे, हे कार्ड काढ. चित्रकार म्हणाला, कार्ड राहील. मग हे चित्रच काढ, आठ दिवस, ती येऊन गेली की परत लाव. चित्रकार म्हणाला, तिला बघू दे. तिच्या मुलाला एक ठोसा लागला नव्हता, तिच्या मुलाला थोडा थोडा करून मारलाय आणि तू पाच फुटांवर टॉवेल धरून उभा होतास. तीन दिवस मला त्या बाकड्यावर बसवलंत. त्याची राख तुमची, फोटो तुमचे, रडायचा हक्क तुमचा. माझ्याकडे एवढंच आहे, खरं काय झालं ते. ते मी टांगणार.

"तिला मारशील तू," थोरला म्हणाला.

"तू मारलंस तेव्हा मी मध्ये आलो नव्हतो."

थोरल्यानं पुढे होऊन चित्राच्या चौकटीला हात घातला. चित्रकारानं त्याला मागून कॉलरला धरून ओढलं. थोरला वळला तो हात फिरवतच, आणि चित्रकाराचा ओठ दातावर चिरला. तोपर्यंत ते एरवी दोन माणसांचं भांडण असतं तसंच होतं, शर्ट धरणे, शिव्या देणे वगैरे. चित्रकार पोटासाठी शाळेत चित्रकला शिकवायचा, आणि चित्रकलेच्या शिक्षकाला कुणी घाबरत नाही. पण चित्रकारानं एक पाय मागे घेतला, हनुवटी छातीशी दाबली, आणि त्याचे हात आपोआप चालू झाले. डावा भुवईवर. डावा पुन्हा तिथंच. उजवा बरगडीखाली, यकृताच्या जागी. थोरला वाकला तसा डावा जबड्यावर. थोरल्याच्या तोंडातून दात उडाला आणि गॅलरीच्या गुळगुळीत फरशीवर टकटक करत गेला. तो मागे धडपडला, पांढऱ्या चौथऱ्यावर आदळला, चौथऱ्यावरचं कुणाचं तरी काचेचं शिल्प खाली येऊन फुटलं, तरी चित्रकार थांबला नाही. उजवा नाकावर. हाड मोडल्याचा आवाज त्यानं ऐकला आणि त्याला तो ओळखीचा वाटला. शेवटचा, कानशिलाचा, उचलून झाला होता. थोरला गुडघ्यावर होता. दोन्ही हात खाली. त्यानं चेहरा झाकलासुद्धा नाही.

"मार," तो म्हणाला. रक्तामुळे शब्द घोगरा झाला होता. "आठव्या राउंडचा आहे ना हा? वर्षभर सराव केलायस."

चित्रकाराचा हात हवेतच राहिला.

थोरला फरशीवर बसला. चौथऱ्याला टेकून त्यानं बाहीनं नाक दाबलं आणि चित्राकडे बोट केलं. "हे मारताना तू कुठे उभा होतास?"

चित्रकारानं उचललेला हात खाली घेतला. उत्तर थोरल्यानंच दिलं.

"समोर. त्या दिवशी त्याच्या समोर कोण उभा होता, अरे चित्रकारा? मी त्याच्या पाठीशी होतो. मला तर त्याची पाठच दिसत होती. हे सगळे त्याला एकदा बसले होते. तू परत घातलेस. एकूण एक. एक तरी सोडायचास."

मग त्यानं बाकीचं सांगितलं, तुटक तुटक, मध्ये मध्ये थुंकत. सहाव्यानंतर त्यानं टॉवेल घडीसकट खांद्यावरून काढला होता. धाकटा स्टुलावर बसलेला, एक डोळा पूर्ण मिटलेला. त्यानं ग्लोव्ह घातलेला हात टॉवेल धरलेल्या मनगटावर ठेवला आणि टाकू नको म्हणाला. सातव्यानंतर थोरल्यानं पुन्हा काढला. पुन्हा तेच.

"का, म्हणून मी विचारलं," थोरला म्हणाला. "तर म्हणतो, तो आलाय आज. तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याच्यासमोर नको."

आतल्या खोलीत बाईंचं फोनवरचं हसू ऐकू आलं. चित्रकार उभ्याचा खाली बसला. काचेचा तुकडा तळहातात घुसला, तो त्यानं काढलाही नाही.

"मला हे तुला कधीच सांगायचं नव्हतं," थोरला म्हणाला. "आईला मी एक सांगितलं, तुला काहीच सांगितलं नाही. तू मला शिव्या घालत जगशील असं वाटलं होतं. बरं चाललं होतं तुझं."

बाई बाहेर आल्या, तेव्हा दोघं फरशीवर समोरासमोर बसले होते, मध्ये रक्त, काच आणि एक दात. बाईंनी छातीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रकारानं कार्ड काढून फाडलं. कॅटलॉगचे गठ्ठे त्यानं लाथेनं ढकलत सामानाच्या खोलीत नेले आणि किल्ली खिशात टाकली. बाई म्हणाल्या, अहो, आकडाच तर तुमची कलाकृती आहे. तो म्हणाला, आता नाही. समीक्षकांना निनावी चित्र अधिकच आवडलं. त्यांनी तिथल्या तिथे पाचवं पान लिहायला घेतलं.

संध्याकाळी हॉल भरला. आई आली, थोरल्याच्या दंडाला धरून. थोरल्याच्या नाकावर पट्टी, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. लिफ्टचं दार लागलं, असं त्यानं घरी सांगितलं होतं. एकदा खोटं अंगवळणी पडलं की ते लिफ्टमध्येही मावतं. लोकांनी वाट दिली. आई चित्रापुढे जाऊन उभी राहिली. ती फोटोसारखा चेहरा बघायला आली होती. ती बराच वेळ तो शोधत राहिली, वरून खाली, कडेकडेनं, जणू गर्दीत पोर हरवलंय.

मग तिनं चित्रकाराला जवळ बोलावलं. हा कुठे आहे यात, तिनं विचारलं. चित्रकार म्हणाला, काकू, हा सगळाच तो आहे. उंचीएवढा.

आईनं एका जांभळ्या डागावर बोट ठेवलं. मग त्याच्याखालच्यावर. ग्लोव्हची शिवण रंगात उमटली होती. बोट तीवरून फिरलं. आई अडाणी नव्हती. दोन मुलगे वाढवलेल्या बाईला ठोसा कसा दिसतो ते कळतं.

"हे काय आहे? एवढे?"

थोरला छताकडे बघत होता. समीक्षक वही काढून सरसावले. चित्रकारानं वर्षभर याच प्रश्नासाठी हाडं मोडून घेतली होती, आणि उत्तर त्याला तोंडपाठ होतं.

"हे मी मारलेत," तो म्हणाला. "तो गेल्यावर. राग आला होता म्हणून. त्याला एकच लागला."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग हात उगारला आणि त्याच्या तोंडात मारली. सगळ्या हॉलला ऐकू गेली. आदल्या दिवशीचा ओठ पुन्हा फुटला आणि रक्त हनुवटीवर आलं.

"माझ्या पोराला?" ती म्हणाली. "एवढं मारताना एकदाही थांबावंसं वाटलं नाही तुला?"

"नाही," चित्रकार म्हणाला. हे उत्तर मात्र पूर्ण खरं होतं.

मागे कुणीतरी टाळी वाजवली. हा कार्यक्रमाचाच भाग असणार असं त्यांना वाटलं. मग आणखी दहाबारा जणांना तसंच वाटलं. थोरला वळला, पहिली टाळी वाजवणाऱ्याकडे तीन पावलं चालत गेला आणि त्याच्या पोटात एकच गुद्दा घातला. त्या गृहस्थांनी हातातल्या ग्लासासकट जमीन गाठली. टाळ्या थांबल्या. कुणीतरी पोलिसांना बोलवा म्हणालं, कुणीतरी म्हणालं, थांबा, अजून संपलं नसेल.

आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पुन्हा चित्राकडे वळली होती. त्याला लागला तो यातला कुठला, तिनं विचारलं. चित्रकारानं दाखवला. वर, कानशिलाच्या उंचीवर, काळा. आईनं थोरल्याला हाक मारली. हाच ना रे? त्या जागेकडे थोरल्यानं आदल्या दिवशीही नीट बघितलं नव्हतं. आता बघावं लागलं. हाच, तो म्हणाला.

आईनं काळ्या डागावर तळहात ठेवला. पाचसहा श्वास होईतो तसाच ठेवला. मग काढून पदराला पुसला, रंग कधीच वाळलेला होता तरी.

"तो राहू दे," ती चित्रकाराला म्हणाली. "बाकीचं तुझं तू काढून टाक."

बाईंनी पुष्कळ समजावलं. चित्र विकलं जाणार होतं, परदेशातून विचारणा होती, समीक्षकांचं पाचवं पान छापायला गेलं होतं. चित्रकारानं चित्र उतरवून खोलीवर नेलं.

तैलरंग वरून वाळतो, आतून वाळायला वर्षं घेतो. रंगारी भिंतीवर पुट्टी ओढायला वापरतात ती पत्र्याची पट्टी त्यानं आणली आणि खरवडायला बसला. ठोसा मारायला जेवढा वेळ लागतो त्याच्या शंभरपट तो काढायला लागतो, हे गणित त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. वरचं साल निघालं की आतून ओला, चकचकीत रंग वर यायचा, उघडी पडलेली जखम दिसावी तसा. काही ठिकाणी रंगाबरोबर कापडाचे धागे निघत. मोडलेल्या हाताची बोटं संध्याकाळपर्यंत मिटेनाशी होत. टॉवेल त्यानं पहिल्याच दिवशी, दात-ओठ खाऊन, ओढून काढला.

आई दर रविवारी यायची. खोलीतली एकुलती एक खुर्ची चित्रासमोर ओढून बसायची आणि बघायची. बोलायची नाही. कधी उठून पलंगाची चादर सारखी करायची आणि पुन्हा येऊन बसायची. थोरला तिला सोडायला यायचा आणि दाराशी उभा राहायचा. दुसऱ्या रविवारी त्यानं लिफ्टदुरुस्तीच्या हत्यारांच्या पेटीतून आपलीही एक पट्टी काढली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि चित्रकाराच्या शेजारी येऊन उभा राहिला. चित्रकार थोडा सरकला. दोघं खरवडत राहिले, एक बरगड्यांशी, एक भुवईशी, एकमेकांकडे न बघता. सालं पायाशी पडत होती, लाल, जांभळी, पिवळी.

"सावकाश," आई खुर्चीवरून म्हणाली. "त्याला लागेल."

दोघांचेही हात थांबले. आपण काय बोलून गेलो ते आईच्याही लक्षात आलं असावं. ती खुर्चीत जरा सावरून बसली, घसा साफ केला, आणि थोरल्याला म्हणाली, "डाव्या बाजूला, खांद्याखाली बघ. तिथं राहिलंय अजून."